पाणी आलं का?

४ फेब्रुवारी

चि. धाकटोबास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून लिहिते. निदान मधे तोंड घालता येणार नाही तुला.

गेल्या उधाणाला दुकानाच्या पायरीपर्यंत समुद्राचं पाणी आलं होतं, हे तू मला सांगितलंच नाहीस. बाबांनी सांगितलं, तेही हसत. अरे, दुकानामागची त्यांची खोली रस्त्यापेक्षा वीतभर खाली, त्यात डोळ्यांना काही दिसत नाही. पाणी शिरलं तर हा माणूस खाटेवरून उतरून जाणार कुठे? हवा तापतेय, समुद्र चढतोय. किती चढेल यावर वाद आहे; चढतोय की नाही यावर नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपल्या घरची रीतच आहे, पण या वेळी नको. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बाबांना मी इकडे घेऊन येते. समज, माझं चुकलं, तर काय होईल? त्यांना चार दिवस करमणार नाही, एवढंच. आणि तुझं चुकलं तर?

रागावू नकोस. तुझ्या लेकीला, आमच्या छकुलीला पापा.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हेडबाईंचं पत्र मिळालं. छडी तेवढी पाकिटात घालायची राहिली.

ताई, पायरीपर्यंत पाणी आजोबांच्या वेळीही यायचं. आपण त्यात कागदी होड्या सोडल्यात. वर्तमानपत्रात एकजण वीतभर म्हणतो, दुसरा पुरुषभर. ज्यांचं आपसात जमत नाही त्यांच्या शब्दावर मी म्हाताऱ्या माणसाला मुळासकट उपटू? साप साप म्हणून भुई धोपटायची सवयच आहे तुला. बाबांना दिसत नाही हे खरं, पण या घरात त्यांना डोळे लागतच नाहीत. पहाटे उठून भिंतीला हातही न लावता दुकानात येतात. केस कापायला बसलेल्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि कोण ते सांगतात. परवा टपालवाल्याला म्हणाले, टक्कल वाढलंय, काळजी कमी कर.

पण माझं ऐकतो कोण! पोरीचा शब्द मोडवत नाही म्हणे. मोठी उधाणं संपेपर्यंत राहून येतो म्हणाले आणि बॅग भरून बसलेत. वस्तरा सोबत घेतलाय. दाजींना सांभाळून राहायला सांग.

भांडूनही न आटणारा लोभ आहेच.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकटोबास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबा मजेत आहेत असं लिहिणार होते, पण तुला खोटं लगेच कळतं. आल्या आल्या त्यांनी तुझ्या दाजींची रोज दाढी केली. बिचारे तान्ह्या बाळासारखे गाल घेऊन ऑफिसला जायचे. आता तेही बंद. एकाच डोक्यावर किती दिवस हात फिरवू, म्हणाले. घरात भिंती चाचपत चालतात. जेवणाच्या टेबलाचा कोपरा रोज लागतो, नडगी काळीनिळी झालीय. मी कोपऱ्यांना फडकी बांधलीत.

काल विचारत होते, पाणी आलं का गं तिकडे? नाही म्हटलं, तर म्हणाले, मग जाऊ का परत? मी म्हटलं, दोनच उधाणं राहिलीत, तेवढी जाऊ देत. तूच सांग, एवढं थांबल्यावर आता शेवटी कशाला धोका घ्यायचा?

छकुलीला जवळ घे माझ्या वतीने.
ताई

२० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांना स्मशानात पोचवून परत आलो, ते आज लिहायला बसलो. दुकान उघडलंय. येणारा प्रत्येकजण विचारतो. मी सांगतो, पहाटे उठले, दुकानात जायचं म्हणून सवयीने दार उघडून निघाले, आणि ताईकडे दाराबाहेर जिना होता. पुढचं सांगवत नाही.

दुसरं म्हणजे, तू म्हणत होतीस तेच झालं. मंगळवारच्या उधाणाला पाणी आत शिरलं. बाबांच्या खोलीत कमरेएवढं होतं. खाट तरंगत होती गं. बाबा इथे असते तर त्या खोलीतच गेले असते. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यांना वाचवायलाच नेलं होतंस. जेवत जा.

तुझा,
धाकटा

२९ मे

चि. धाकटोबास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आनंदाने रडले. आपल्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं, याचा मला आनंद झाला! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मग तुझ्या बायकोला फोन केला, सामान वाचलं का म्हणून. ती म्हणाली, कसलं सामान आणि कसलं पाणी?

गाढवा, खोटं बोलायचं तर आधी बायकोला तरी पढवून ठेवायचंस. खूप रागवणार होते, पण रागवताच येईना. माझ्यासाठी तुला समुद्र घरात आणावा लागला रे.

मला भेटायला येतात तेही विचारतात, मग पाणी आलं का? नाही म्हटलं की खाली बघतात. उद्या आलं काय, दहा वर्षांनी आलं काय, बाबांच्या वेळी नव्हतं आलं. आगीतून फुफाट्यात मीच लोटलं त्यांना. माझं चुकलं तर काय होईल, हे किती सहज लिहून गेले होते मी.

तरी लिहिते. बाबा गेले म्हणून समुद्र चढायचा थांबलेला नाही. छकुली आता त्याच खोलीत झोपते, असं तुझी बायको म्हणाली. तिला घेऊन निघा तिथून. माझ्याकडे नको, कुठेही जरा उंचावर जा. हे सांगायला मला तोंड नाही, तरी सांगते.

ताई

७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

हो, खोटं बोललो. पण त्या मंगळवारी मी पायरीवर उभा होतो, ते खरं. भरती चढत होती आणि मी मनात म्हणत होतो, ये, एकदा तरी आत ये, माझ्या ताईचं खरं होऊ दे. पायरीला टेकलं आणि मागे फिरलं.

निघ म्हणतेस. बाबांना नेण्याआधी आम्हालाही चला म्हणाली असतीस, तर भांडत भांडत का होईना, आलो असतो. आता होत नाही. ते पाणी मी अजून पाहिलेलं नाही, जिना मात्र पाहिलाय. छकुलीचा हात धरून अनोळखी घरात पाय ठेवायचा म्हटलं की इथेच उंबऱ्यावर बसून राहतो. तुझंच बरोबर असेल. अलीकडे मला वाटतंही, तुझंच बरोबर आहे. तरी निघवत नाही.

तू मात्र गप्प बसू नकोस. रोज फोन कर. पाणी आलं का विचार, निघ म्हणून ओरड. मी नाहीच म्हणेन. तू ओरडत राहा.

माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा