एक तास मिळवून

गॅलाशील्स,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय इनिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते शेगडीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. स्ट्रॉमनेसच्या हवेची चौकशी करत नाही. तिथे वारा सुटलाय हे विचारायला नको. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण एकाहत्तराव्या वर्षी एवढं चालायचंच. गिरणीतून निवृत्त झालो तरी सकाळी सहाला जाग येते आणि मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न पडतो. सध्या तो पडत नाही, त्याचं कारण तुझी भाची.

रोना आपल्या डायव्हिंग क्लबची मोहीमप्रमुख झाली! पन्नास वर्षांत या जागेवर पहिली बाई. तिच्याइतकं चोख काम करणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून ती झाली; कोणी उपकार केले नाहीत. आपण समुद्रापासून चाळीस मैल आतले, लोकरीच्या गावचे. आयमाउथची पोरं आपल्याला 'मेंढ्यांचे पाणबुडे' म्हणून चिडवायची, आठवतं? त्या मेंढ्या या जूनमध्ये अख्ख्या ब्रिटनला वळसा घालणार आहेत.

सोळा दिवस, पाच बुडालेली जहाजं, आठ माणसं, एक व्हॅन आणि तिच्यामागे गाड्यावर आपली रबरी बोट. सुरुवात प्लिमथला. मग वेल्सचा किनारा, मग आयला बेट, मग तुझ्या दारात ऑर्कनीला, तिथे तळाशी पडलेल्या जर्मन युद्धनौकांपैकी एकीवर. शेवट घरच्या पाण्यात, सेंट ॲब्सला. माझ्या जेवणाच्या खोलीची भिंत आता दिसत नाही, इतके नकाशे. प्रत्येक जहाजासाठी तिने भांगाचे दिवस शोधलेत, म्हणजे पाण्याचा जोर सगळ्यात कमी. हवेच्या टाक्या कुठे भरायच्या, कोणाला काही झालं तर जवळचं हॉस्पिटल कोणतं, कोणत्या धक्क्यावर बोट उतरवता येते, सगळं कागदावर. मी तीस वर्षं मोहिमा आखल्या, पण माझी टिपणं तिच्यापुढे वाण्याच्या यादीसारखी दिसतात. हे मी तिला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय.

परवा तिने दक्षिणेकडच्या एका बंदराच्या ऑफिसात फोन केला. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "पोरी, तुमच्या प्रमुखाला दे बघू फोन."

"दिला," ही म्हणाली. "आता बोला."

मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. हसू दाबता दाबता बोट कापून घेतलं. एल्स्पेथ असायला हवी होती रे. पोरीत अगदी आईचाच ठसका.

डग्गी येतोय, पण कोरडाच. पाण्याला आपण ९६ सालीच रामराम ठोकला, असं तो सगळ्यांना सांगतो. "मी केटली सांभाळीन," म्हणाला. "बुडालेल्या जहाजापेक्षा उकळतं पाणी बरं, निदान त्यात चहा तरी टाकता येतो." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, पण मटणाचे पॅटिस अजून उभ्या उभ्या दोन खातो. तू इंजिनं दुरुस्त करतोस पण बोटीत बसत नाहीस, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. दर नाताळला तुला कार्ड पाठवतो, तेही तोच सांगतो.

आयला बेटावर कोणतं जहाज, हे मी वर लिहिलं नाही. तुझ्या ते लक्षात आलंच असेल.

कॉर्सबी.

मी नको म्हणालो. ती खाडी वाईट, पाणी वाईट, दुसरं काहीतरी घे. रोनाने ऐकून घेतलं आणि माळ्यावरची पेटी खाली आणली. माझी भरतीओहोटीची जुनी पुस्तकं त्यात आहेत, सालवार. तिला कॉर्सबीवर पाणी कधी थांबतं याचे जुने आकडे ताडून पाहायचे होते. दुपारभर ती पानं उलटत बसली, आणि मी समोर बसून रेडिओवर रग्बी ऐकण्याचं नाटक करत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "तू उन्हाळ्याच्या प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीने 'एक तास मिळव' असं लिहितोस ना?"

"लिहितो. तुलाही तेच शिकवलं."

"९७ पासून प्रत्येक पानावर आहे. काही ठिकाणी तर दोन-दोनदा." तिने एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "९६ मध्ये एकाही पानावर नाही."

मी म्हणालो, "हं."

"मग ९७ पासूनच का?"

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो. भांडायला मी केव्हाही तयार असतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

तर आता लिहितो. त्या पुस्तकात वर्षभर हिवाळ्याचीच वेळ छापतात. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून एक तास मिळवायचा. शेंबड्या पोराला कळणारी गोष्ट. पण मला सवय आयमाउथ बंदरातल्या छोट्या पुस्तिकेची. ती लोकं तास मिळवूनच छापतात. त्या वर्षी पहिल्यांदा आपण पश्चिम किनाऱ्यावर गेलो, मी मोठं पुस्तक घेतलं आणि आकडा तसाच उचलला. पाणी थांबायची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. खरं म्हणजे बारा वाजून दहा.

तू सुकाणूवर होतास, आणि जहाजाला दोरीने बांधलेला आपला बोया समोर तरंगत होता. तू मला म्हणालास, "वॉल्टर, पाणी पळतंय. बोया बघ, अर्धा खाली ओढला गेलाय."

मी म्हणालो, "पुस्तकात अकरा दहा आहे. तू बोट हाक, वेळ मी बघतो."

हे शब्द मला एकोणतीस वर्षं पाठ आहेत. डग्गी उतरला, बोयाच्या दोरीवरून त्याचा हात सुटला आणि प्रवाहाने त्याला खाडीबाहेर नेलं. पाच तासांनी खेकडे धरणाऱ्या एका होडीला तो सापडला, निळा पडलेला. तू बोयाजवळ थांबला नाहीस, प्रवाहाच्या दिशेने शोधायला गेलास, आणि तेच बरोबर होतं. क्लबच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, "वेळ पुस्तकाप्रमाणे होती. बोट जागेवर नव्हती." दोन्ही वाक्यं खरी, आणि दोन्ही मिळून धादांत खोटं. तू माझ्याकडे बघत राहिलास. मी बोलेन याची वाट पाहत होतास. मग इंजिनाची मनगटात अडकवायची दोरी खिशातून काढून टेबलावर ठेवलीस आणि गेलास.

तुला वाटत असेल, मला नंतर कधीतरी उमगलं. नाही. त्याच संध्याकाळी, आयलावरच्या पोर्ट अस्केगच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या फळ्यावर खडूने त्या दिवशी पाणी थांबायची वेळ लिहिली होती: बारा दहा. मी ती वाचली. मग डग्गीसाठी सूप आणायला गेलो. बैठक त्यानंतर नऊ दिवसांनी झाली.

एल्स्पेथला मी कधीच सांगितलं नाही. तिने तेवीस वर्षं भावावर राग धरला, तो माझ्यामुळे. "चुकला असेल, पण एकदा तोंडाने कबूल तरी करायचं होतं इनिसने," असं म्हणायची, आणि मी तिला चहा करून द्यायचो. तिच्या अंत्यसंस्काराला तू शेवटच्या रांगेत उभा होतास. चहालाही न थांबता परतलास. तेव्हा तुझ्यामागे धावायला हवं होतं. मला लाज वाटते, इनिस. तेव्हाही वाटत होती, पण तेव्हा ती अभिमानाखाली झाकली जात होती. माझ्याजवळ अभिमान भरपूर होता.

बुधवारी क्लबची बैठक आहे. तोवर हे पत्र टपालात टाकत नाही.

बुधवार, १२ मार्च

आत्ताच घरी आलो. चर्चच्या हॉलमध्ये एकवीस जण होते. रोना तिची योजना मांडायला उभी राहिली. पहिल्या पानावरचा पहिला नियम तिने वाचला: "पुस्तक सांगतं कधी, बोया सांगतो आत्ता. सुकाणूवर जो असेल, त्याचा शब्द शेवटचा. प्रमुखाच्याही वर." एका नव्या मुलाने विचारलं, "मग प्रमुख कशाला हवा?" ती म्हणाली, "ऐकायला."

मग मी उठलो. ९६ सालच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचलं आणि वर तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं, फळ्यासकट. 

 सेल्कर्कच्या मनुकांच्या पावाला लोणी लावणारा डग्गी सुरी तशीच धरून उभा.

"म्हणजे," तो म्हणाला, "एकोणतीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला कार्ड पाठवतोय, तुला माफ केलं म्हणून? थेट ऑर्कनीला? अरे गाढवा, ती कार्डं तुझ्या घरी टाकायची होती. तू तर माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहतोस!"

काही जण हसले. तो हसला नाही. चहा वाटताना त्याने माझा कप माझ्यापुढे ठेवला, पण पावाची बशी पुढच्या माणसाकडे नेली. योग्यच केलं. थोड्या वेळाने परत आला आणि एक तुकडा आणून ठेवला, लोणी न लावता. डग्गीकडून एवढं पुष्कळ झालं.

रोनाने इतिवृत्तातल्या त्या दोन ओळी लाल पेन्सिलीने खोडून खरं काय ते लिहिलं. एकवीस सह्या झाल्या. पहिली माझी, दुसरी डग्गीची. त्याची नक्कल सोबत आहे. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आईला सांगायला हवं होतंस, बाबा." एवढंच. 

पाकिटात आणखी एक वस्तू मिळेल, ती तिने घातली. नव्या इंजिनाची दोरी, आयलाला येऊन कॉर्सबीवर सुकाणू तू धरावंस म्हणून. मनगटाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, तुला ठाऊकच आहे. आमच्याकडे दुसरी आहे, तेव्हा घाबरू नकोस, अडवून धरत नाही. तुला यायचं नसेल तर दोरी खिळ्याला लटकव आणि आम्ही ऑर्कनीला येऊ तेव्हा दार उघडू नकोस. मी समजून जाईन. पण भाचीला मात्र आत घे. तिचा काही दोष नाही, आणि तिला मामाच्या हातचं सुकाणू बघायचंय. पोरगी बोट बरी हाकते. तुझ्याइतकी नाही.

शुक्रवार, २० जून. कॉर्सबी. पुस्तकात पाणी थांबायची वेळ दहा चाळीस. म्हणजे अकरा चाळीस. तास मी मिळवलाय, रोनाने तपासलाय. आम्ही साडेदहापासून बोटीत तयार बसू. पण बोयाकडे बघून तू 'उतरा' म्हणेपर्यंत कोणी पाण्यात पाय घालणार नाही. तू 'नाही' म्हणालास, तर बोट मागे वळेल, आणि मी एक अक्षर बोलणार नाही.

चूक ज्याची होती तो,
वॉल्टर