गुरुवारी अर्धी राहिलेली एकतीस पुस्तके

मी, प्रेमराज वना बोरसे, वय वर्षे त्र्याहत्तर, मूळचा साक्री तालुक्यातला, सध्या राहणार वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव, दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते पूर्वी ठिकाणावर होते का, हे पुढचे वाचून ज्याने त्याने ठरवावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात माझ्याशिवाय कोणी राहिलेलेही नाही.

वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात 'शेरा' असा रकाना नव्हता. चौतीस वर्षे मी बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये लॉगबुक लिहिले. दर तासाला दाब, तापमान आणि शेरा. शेऱ्याशिवाय मला लिहिता येत नाही. म्हणून हे असे लिहिले आहे.

१. वरणगावचे घर मुलगा भूषण आणि मुलगी मेघा यांना निम्मे निम्मे. भूषण पुण्याला असतो, तो परत यायचा नाही हे मला माहीत आहे. त्याने विकायचे म्हटले तर मेघाने अडवू नये आणि मेघाने ठेवायचे म्हटले तर भूषणने घाई करू नये. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लकही तशीच निम्मी निम्मी.

२. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा संच, मल्टिमीटर, दोन टेस्टर आणि पितळी टॉर्च, भूषणला. तो वापरणार नाही. निदान गंजू देऊ नयेत.

३. स्कूटर ज्याला सुरू करता येईल त्याची.

४. आता मुख्य गोष्ट. ६ जून १९९६, गुरुवार, या दिवशी दीपनगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये मी 'गुरुवारची बैठक' सुरू केली. दर आठवड्याला एक विषय. प्रवासात वाचलेलं पुस्तक, शेवट पटला नाही असं पुस्तक, ज्या लेखकाला पत्र लिहावंसं वाटतं तो लेखक, असे. प्रत्येकाने विषयाला धरून आपले आवडते पुस्तक आणायचे, त्यावर बोलायचे आणि बोलून झाले की ते डावीकडे बसलेल्याला आठवडाभरासाठी द्यायचे. पुढच्या गुरुवारी पुस्तक परत आलेच पाहिजे. कोण हजर, कोण काय बोलले, कोणते पुस्तक कोणाकडे गेले आणि कधी परत आले, हे सगळे मी नोंदवहीत लिहायचो. नोंदवहीत नाव असेल तोच बोलेल, आणि नोंद नसेल ते घडले नाही, हे दोन नियम माझे. लॉगबुकातून उचलले होते. त्यांचा मला फार अभिमान होता.

अशा नोंदवह्या एकूण नऊ आहेत. त्या मेघाला.

५. माझी पत्नी तानुबाई १८ सप्टेंबर २०२२ रोजी वारली. ती सातवीपर्यंत शिकलेली. दर गुरुवारी आमच्या सात जणांचा चहा ती करायची. बैठक बाहेरच्या खोलीत आणि ओटा आत. मधे पडदा.

१८ नोव्हेंबर १९९९ ला विषय होता 'ज्या पुस्तकातलं जेवण आठवतं'. सगळ्यांचे बोलून झाले आणि पडद्याजवळून ती म्हणाली, "माले बी एक सांगनं शे."

मी म्हणालो, "चहा उतू जाई ऱ्हायना, तो दख पहिले."

सगळे हसले. मीही हसलो. चहा उतू जात नव्हता, अजून ओट्यावर ठेवलाही नव्हता. ती आत गेली आणि पुढची बावीस-तेवीस वर्षे पडद्याच्या बाहेर फक्त कपबश्या घेऊन आली. त्या दिवसाच्या नोंदीत मी शेरा लिहिला आहे, 'बैठक खेळीमेळीत'.

६. तिच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मेघा आईच्या साड्या आवरत होती. शिलाई मशीनच्या खालच्या कप्प्यात तिला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. डब्यात कॅलेंडरची पाने होती, रोज एक फाडायचे असते तसल्या कॅलेंडरची. सगळी गुरुवारची. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने त्या आठवड्याचा विषय आणि खाली तानुबाईचे स्वतःचे उत्तर. बैठकीत माझ्याकडे जे पुस्तक यायचे, ते सात दिवस घरात असायचे. त्यातली निम्मी मी उशाशी ठेवून तशीच परत दिली. ती मात्र मी ड्युटीवर गेलो की वाचायची. मी डबा दोनदा मोजला. एक हजार एकोणीस पाने आहेत.

पहिले पान १८ नोव्हेंबर १९९९ चे. "त्या कादंबरीत सासू सुनेला शिळी भाकरी देते आणि सून ती कुस्करून ताकात घालते. ते पान मी दोनदा वाचलं. लिहिणाऱ्याने कधीतरी शिळी भाकरी खाल्ली असणार. एवढंच सांगायचं होतं."

मेघाने पाच-सहा पाने वाचली आणि पाहुण्यांसमोर मला विचारले, "आबा, तुम्ही आईला एकदा तरी विचारलं का हो, तू काय वाचते म्हणून?"

मी म्हणालो, "तिला कुठं होती वाचायची आवड?"

तिने डबा माझ्या पुढ्यात ठेवला, चपला घातल्या आणि धुळ्याला आपल्या घरी निघून गेली. दोन वर्षे आणि चार महिने झाले. दिवाळीला तिच्या मुलाचा फोन येतो, तिचा येत नाही. ती रागावली यात तिची चूक नाही. उत्तर देताना मी डब्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

७. अभिमन सोनवणे यांच्याबद्दल. अभिमन कोळसा विभागात होता, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि बैठकीचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद होता. १२ फेब्रुवारी २००४ ला त्याच्याकडून एक पुस्तक परत यायचे होते. पुस्तक इंदरचंदचे, म्हणजे वरणगावचे कापड दुकानदार इंदरचंद छाजेड यांचे. अभिमन म्हणाला, "मंगळवारीच आनून देलं भाऊ. तुम्ही फस्ट शिफ्टले व्हते. वहिनीजवळ देलं."

मी म्हणालो, "नोंद कुठे आहे?"

"वहिनीले इचारा ना."

"तिला काय कळतं पुस्तकातलं?"

इंदरचंद म्हणत होता, जाऊ द्या भाऊ, एका पुस्तकाचं काय एवढं. मी जाऊ दिले नाही. अभिमन उठून गेला आणि मी त्याचे नाव नोंदवहीतून काढले. पुढे आम्ही दोघेही निवृत्त झालो, दोघांनीही वरणगावलाच घरे बांधली, आणि आधी क्वार्टरच्या, मग इथल्या गल्लीतून समोरासमोर जाताना वीस वर्षे मी मान वळवली. स्वयंपाकघर दहा पावलांवर होते. तिथे जाऊन विचारावे हे मला सुचले नाही.

ते पुस्तक डब्याच्या तळाशी होते. त्यातच १२ फेब्रुवारीचे पान होते. "अभिमनभाऊंनी मंगळवारी पुस्तक आणून दिलं. गुरुवारपर्यंत वाचून होईल म्हणून मी ठेवलं, झालं नाही. आज त्यांच्यावर आळ आला. बाहेर येऊन सांगावं तर हे म्हणाले तिला काय कळतं. मग पाय उचलला नाही. माझं चुकलं. पुस्तक आता परतही देता येत नाही."

तिचे चुकले हे मी नाकारत नाही. पण तिला गप्प बसायला मी शिकवले होते. मागच्या वर्षी मी अभिमनच्या घरी गेलो आणि ते पान त्याच्यासमोर धरले. त्याने चष्मा लावून दोनदा वाचले. मला वाटले आता हा मला दारापुढच्या ओट्यावरून खाली ढकलेल. तो म्हणाला, "मंग वहिनीनं पुरं वाचलं ना ते?"

मी म्हणालो, "हो. पुढच्या आठवड्याच्या पानावर लिहिलंय, पुरं झालं म्हणून."

"मंग जाऊ द्या भाऊ. एक तरी पुरं झालं त्यायचं."

अभिमनचे नाव मी नोंदवहीत परत लिहिले आहे. त्याला माझ्याकडून द्यावे असे काही नाही. हे कलम कोर्टात मोठ्याने वाचले जावे एवढीच इच्छा आहे.

८. वरील पुस्तक इंदरचंदचे असून ते माझ्या मालमत्तेत धरू नये. मी ते परत करायला गेलो तेव्हा तो गादीवरून उठला आणि म्हणाला, "भाऊ, माझं नाव खोडा यावरचं. वहिनींचं टाका." तरी मी ते ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी त्याने ते नव्या कापडात गुंडाळून परत पाठवले, वर तानुबाईचे नाव. व्यापारी माणसापुढे जिंकणे कठीण. तर मग ते मेघाला.

९. नोंदवहीतल्या दुरुस्तीबद्दल. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला बरोबर नोंद करून तारीख आणि सही. सही ज्याची चूक त्याचीच. त्याप्रमाणे मी गेल्या वर्षभरात नऊही वह्यांमध्ये 'हजर' या रकान्यात तानुबाईचे नाव लिहिले आहे. ती वारली तोपर्यंत एकूण १,१८७ बैठका झाल्या. ड्युटी, आजारपण, लग्नकार्ये धरून माझी हजेरी १,०४६. मी नसतानाही बैठक माझ्याच घरी व्हायची आणि चहा व्हायचाच. तानुबाईची हजेरी १,१८४. तीन गुरुवार ती मेघाच्या बाळंतपणासाठी धुळ्याला होती. इतकी हजेरी कोणाचीच नाही. १८ नोव्हेंबर १९९९ च्या 'खेळीमेळीत' या शब्दावरही रेघ मारली आहे. बाजूला काय लिहावे ते सुचले नाही, नुसती सही केली आहे.

१०. बैठक आता शाळेच्या निवृत्त बाई रत्ना पाटील यांच्या घरी भरते. त्यांना विनंती की दर गुरुवारी त्या विषयावरचे तानुबाईचे पान डब्यात असेल तर ते सगळ्यांत आधी वाचावे, आणि चहा बैठक संपल्यावर करावा, ज्याची पाळी असेल त्याने.

११. आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. एका आठवड्याचा विषय होता 'अर्धवट सोडलेलं पुस्तक'. सातही जण त्या दिवशी फुशारकीने बोलले, की अमुक कंटाळवाणे होते, तमुक पन्नास पानांवर फेकले. तानुबाईच्या पानावर लिहिले आहे, "मी सोडलं नाही. गुरुवार आला."

ज्या ज्या आठवड्यात पुस्तक पुरे होण्याआधी गुरुवार आला, त्या आठवड्याच्या पानाच्या कोपऱ्यात तिने आकडा घातला आहे, कितव्या पानापर्यंत वाचून झाले तो. अशी एकतीस पुस्तके आहेत. यादी सोबत जोडली आहे. त्यातली एकोणीस मी मिळवली. काही जळगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, काही सभासदांकडून, एक तर जामनेरच्या एका घरातून, तिथे ते दाराला टेकण म्हणून लावले होते. उरलेली बारा मिळालेली नाहीत.

रोज दुपारी चार वाजता, तिच्या चहाच्या वेळी, मी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसतो आणि ती थांबली त्या पानापासून पुढे मोठ्याने वाचतो. मला आधीची गोष्ट माहीत नसते. मी मागचे वाचत नाही, तो भाग तिचा. अकरा पुस्तके पूर्ण केली. एकात त्या बाईला नवरा शेवटी परत न्यायला येतो आणि ती जात नाही. ते वाचून झाल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटले नाही. तिला हे कळायला हवे होते. मी ते गुरुवारी सकाळी तिच्या हातून घेतले होते. ती पदराला हात पुसत म्हणाली होती, "आज ऱ्हाऊ द्या ना." मला वाटले चहापत्ती संपली असेल, म्हणून बैठक नको म्हणते.

बारावे पुस्तक चालू आहे. ती पान ९६ वर थांबली होती. हृदयाच्या डॉक्टरांनी जे सांगितले आहे ते पाहता मी एकोणीस पुरी करीन असे वाटत नाही, एकतीस तर नाहीच. म्हणून ही एकतीस पुस्तके, मिळालेली आणि न मिळालेली, त्यांच्या यादीसह, तो डबा आणि ते स्टूल, हे सर्व मी माझी मुलगी मेघा हिला देतो. तिने घ्यावे असा कायदा नाही, असे वकील म्हणाले. मलाही ते माहीत आहे. मेघा, तू मला माफ करावं म्हणून हे देत नाही. आईचं वाचणं माझ्यामुळे थांबलं आणि ते पुढे न्यायला तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून देतो.

१२. कंट्रोल रूममध्ये शिफ्ट बदलताना जाणारा 'चार्ज दिला' लिहून सही करतो आणि येणारा 'चार्ज घेतला' लिहून. येणाऱ्याची सही झाल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. चौतीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही. या वेळी कदाचित मोडावा लागेल. दस्तऐवजात कोरी जागा राहिली की वकील तिच्यावर आडवी रेघ मारतात. या मृत्युपत्रातल्या शेवटच्या ओळीवर कोणी रेघ मारू नये.

साक्षीदारांना मृत्युपत्रात काही ठेवू नये असा सल्ला मिळाल्याने इंदरचंद आणि अभिमन यांच्या वाट्याला काही आलेले नाही. इंदरचंदने त्याबद्दल तक्रार केली आहे. सही करण्यापूर्वी दोघांनी सर्व मजकूर वाचला. अभिमनने 'तानुबाई' जिथे जिथे आले तिथे 'वहिनी' लिहा असे सुचवले, पण कायद्याला नाव लागते.

ठिकाण : वरणगाव
दिनांक : २३ जानेवारी २०२५, गुरुवार

सही : प्रेमराज वना बोरसे

साक्षीदार :
१. इंदरचंद छाजेड, कापड दुकानदार, वरणगाव
२. अभिमन सोनवणे, निवृत्त, वरणगाव

चार्ज दिला : प्रेमराज बोरसे. पुस्तक बारावे, पान १४३, वरून चौथी ओळ.

चार्ज घेतला : ........................