राहिलेली ओटी

॥ श्री ॥
रोहे, २० मार्च १९६८

तीर्थस्वरूप सगुणावन्संस, गिरजेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

देवीच्या कृपेने इकडे सर्व क्षेम. गेल्या भादव्यात तुमच्या भावांची छाती दुखून ते आडवे झाले, तेव्हा मी नदीपलीकडच्या रानातल्या देवीला बोलले होते, की हे उठून बसले तर चैत्र अष्टमीला दोघं पायी येऊन तुझी ओटी भरू. तिनं ऐकलं, आता आपण शब्द पाळायचा. हे म्हणतात निम्म्या वाटेपर्यंत एस.टी.नं जाऊ. मी म्हटलं, नवस पायांचा बोललेय, तिकिटाचा नव्हे. नुसते हसले. खण नवा घेतला नाही. रुखवतातला एक कोरा पडून होता, तोच काढला.

यांनी तुम्हाला निराळं पत्र धाडलंय, मला वाचू दिलं नाही. बहीणभावाचं काय गुपित आहे, ते आलात की विचारीन.

माया आहे तशी ठेवावी.
तुमची गिरजा

रोहे, २८ एप्रिल १९६८

तीर्थस्वरूप वन्संस, शि. सा. नमस्कार.

तेराव्याला आलात, पण माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाहीत. तुमचा राग रास्त आहे. मीच त्यांना नेलं.

उजाडता निघालो होतो. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी चढते, त्याआधी पलीकडे जायचं म्हणून मी पुढे. हे मात्र रेंगाळत होते. पळस दिसला, थांबले. अंजनी निळ्या फुलांनी भरली होती, तिथे थांबले. म्हणाले, "गिरजे, इकडे बघ तरी गो." मी मागे वळलेसुद्धा नाही. पन्नाशीत फुलं कसली दाखवता, म्हटलं. काठाशी खडकावर टेकले आणि म्हणाले, तू हो पुढे. मी पदर खोचून पाण्यात उतरले. मधोमध जाऊन मागे पाहिलं, तर खडकावरच कलंडले होते. पलीकडे देवळाचा कळस दिसत होता.

मी घाई केली नसती तर? तुम्ही मोठ्या आहात, काय ते स्पष्ट लिहा.

गिरजा

पेण, ५ मे १९६८

गिरजेस सगुणेचा आशीर्वाद.

नावाआधी आता काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

राग तुझ्यावर नाय गो. तोंड मलाच दाखवता येत नव्हतं. माघात आपला महिपती माझ्याकडे बियाणं न्यायला आला, तेव्हा चढ चढताना दम लागून बसला. मी डॉक्टराकडे नेलं. त्यांनी सांगितलं, काळीज थकलंय, लांबचं चालणं बंद. तुला कळवते म्हटलं तर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, "तिनं माझ्यासाठी देवीला शब्द दिलाय. देवीनं ऐकलं नाय, हे तिला कोण सांगणार?" निराळ्या पत्रात हेच होतं, की अष्टमीला जातोय, शपथ मोडू नकोस. मी नाय मोडली. आता काय बोलायचं ते मला बोल.

सगुणा

रोहे, ११ मे १९६८

तीर्थस्वरूप वन्संस, शि. सा. नमस्कार.

पत्र आलं त्या दिवशी चूल पेटवली नाही. तुमचा फार राग आला, खोटं कशाला लिहू. दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावला तेव्हा वाटलं, मला कळलं असतं तर मी त्यांना नेलं नसतं, आणि नवस राहिला म्हणून रोज त्यांच्या श्वासाकडे बघत बसले असते. देवीनं ऐकलं नाही असं म्हणू नका. भादव्यात नेत होती, चैत्रापर्यंत ठेवलं.

पुढल्या अष्टमीला या. मला आता ओटी भरता येणार नाही, तुम्ही सवाष्ण आहात, तुमच्या हातून होऊ दे. खणाची घडी मोडलेली नाही. मी बरोबर चालेन. पाणी चढलं तर चढलं, उतरेपर्यंत बसू.

ते दम घ्यायला थांबत होते, हे आता कळलं. पळसाशी थांबू, अंजनीशी थांबू. फुलं खरीच होती, वन्सं. मला ती एकदा बघायची आहेत.

तुमचीच,
गिरजा