सकाळची आंबट घोळ

प्रिय धनश्री,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोनवर मी लगेच चिडते आणि तू लगेच ठेवतेस, म्हणून वही घेतली. चौथीचं अक्षर आहे, लावून वाच. सोमवारी तू सरांना संशोधनाचा विषय बदलते म्हणून सांगणार, असं तुझ्या बापूंकडून कळलं. त्याच्या आत पोचावं म्हणून हे तुझ्या चुलतभावाच्या, परमेश्वरच्या हाती परभणीला धाडते.

पाऊस जाऊन महिना होत आला. सोयाबीन दुपारी पानं उलटी टाकून मेल्यागत उभं राहतं आणि बांधालगतची ज्वारी मात्र ताठ. तू मागं ओसरीवर सांगत होतीस, मी डाळ निवडत होते आणि लवकर आटप म्हणत होते. पण ऐकलं सगळं. सोयाबीन उन्हात पाणी वाचवायला पानांची बारीक तोंडं मिटतं. मग आतली चांगली हवा सरते, आतला कामगार भलतीच हवा धरतो आणि केलेल्या कामाची नासाडी करतो. ज्वारीनं त्या कामगाराला आतल्या खोलीत बसवलंय. दारावर दुसरा चोखंदळ माणूस, तो नेमकी चांगली हवाच आत ढकलतो, मग चूक होतच नाही. घोळ, आपली बांधावरची रानभाजी, दिवसा ज्वारीसारखीच, पण तहान लागली की आणखी एक करते. रात्री गारव्यात तोंड उघडून हवा घेते, आंबट करून साठवते आणि दिवसा तोंड मिटून तीच खर्चते. त्यावर मी म्हणाले होते, एवढ्यासाठी दोन वर्षं काहून घालवायली? अगं, पावसानं ओढ दिली की सकाळी खुडलेल्या घोळीच्या भाजीत माझी सासू चिंच घालत नव्हती, पानंच आंबट असायची. तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि ते वहीत लिहून घेतलंस. मला लई बरं वाटलं होतं. ते आज लिहिते.

मग दिंद्रुड, मांजरसुंबा, कुठून कुठून चाळीस गावांची घोळ आणून तू कापसाच्या कडेला ओळीनं लावलीस आणि मी खुरपून काढली. फोनवर तुला म्हणाले, मी अडाणी बाई, तण दिसलं की हात जातो. तू म्हणालीस, “माय, चूक माझीच. तुला नीट सांगायला पाहिजे होतं.”

आता नीट ऐक. उपटलेली घोळ मी बांधावर फेकली होती. आठ दिवस उन्हात, पाण्याचा थेंब नाही, तरी पठ्ठीनं मुळ्या धरल्या. सव्वीस झाडं जगली. तेलाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यात लावली. तेरांना रोज पाणी, तेरांना थेंब नाही. आज अकरा दिवस झाले, उजाडताना एकदा आणि दिवस कलताना एकदा प्रत्येकीचं एक पान चावते. पाणी पिणाऱ्यांची चव जवळपास तीच राहते. तहानलेल्यांचं पान सकाळी असं आंबट की डोळा मिटतो, आणि संध्याकाळी नुसतं गवत. त्यातल्या तीन तर बाकीच्यांहून लईच आंबट, त्यांच्या डब्यांना चुन्याचं बोट लावलंय. तारखेवार लिहून ठेवलंय, वेड्यावाकड्या अक्षरात. शेजारच्या बायनाबाईनं मला चरताना बघितलं आणि विचारलं, सोबत पेंड आणून देऊ का.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. प्रत्येक झाडापाशी आकडा लिहून खोवलेल्या तुझ्या पांढऱ्या काड्या मी बघितल्या होत्या. मला आकडे वाचता येतात. झाडं उपटली त्याच्या आदल्या दिवशी खुरपायच्या पातीवर हीच बायनाबाई सगळ्या बायांसमोर म्हणाली, “तुझी पोरगी एवढं शिकून तणच पेरायली व्हय?” बाया हसल्या. संध्याकाळी गेवराईचे पाहुणे आले, मुलगी काय शिकते विचारलं, आणि मला सांगता येईना. सकाळी रानात गेले ती रागातच. एक एक काडी आधी बाजूला काढली, मग झाड उपटलं. चाळीसच्या चाळीस. काड्या माझ्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली आहेत. कोणती काडी कोणत्या झाडाची, ते आता मला सांगता येणार नाही, ते नुकसान झालंच. तू माफ केलंस ते माझं अडाणीपण. हे तुला माहीतच नव्हतं, म्हणून ती माफी परत घे. ये, आणि काय बोलायचं ते मला तोंडावर बोल. डबे ओसरीवर आहेत, तेही बघ. त्यांचा उपयोग आहे का नाही ते तुला कळेल, मला नाही. विषय सोडायचाच असेल तर तुझ्या मनानं सोड. माझ्या हातानं सुटू देऊ नकोस.

जिच्यावर हक्कानं रागं भरावं अशी,
तुझीच माय