झुकाव वीस अंश

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (स्वीकारायचा की नाही ते तू ठरव. गेली दोन वर्षं तू माझा फोनही स्वीकारलेला नाहीस, तेव्हा नमस्काराचा आग्रह नाही.) भावोजींचा गुडघा आता बरा असेल. आईच्या डोळ्यांचं कसं आहे? आणि कुत्रा कसा आहे? कुत्र्याची चौकशी शिष्टाचार म्हणून करत नाही, त्याचा संबंध पुढे येणार आहे. माझी तब्येत उत्तम आहे आणि मी काहीही मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या वृक्ष विभागाने तुमच्या भागासाठी ‘कार्यकारी वृक्ष व्यवस्थापन आराखडा’ केला हे तुला कळलंच असेल. नाव ठरवायला अकरा दिवस लागले, झाडं मोजायला त्यामुळे वीसच उरले. झाडं तेवीसशे आणि माणसं दोन: मी, आणि कंत्राटावरचा एक जण, ज्याला सगळे फोटोवाला म्हणतात. प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, गुण द्यायचे आणि त्यावरून त्याचं नशीब लिहायचं: ठेवणे, छाटणे किंवा काढणे. गुणांचा तक्ता माझा. पोकळी किती, वाळक्या फांद्या किती, भिंतीपासून अंतर किती आणि झुकाव किती. पंधरा अंशांच्या वर झुकलं की बाकी काही न बघता ‘काढणे’. हा तक्ता करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. फोटोवाल्याने हिंडून फोटो काढायचे आणि मी पंख्याखाली बसून पडद्यावर कोनमापक लावायचा, अशी आम्ही वाटणी केली. (कोनमापक तुझाच, शाळेतला. हरवला म्हणून मी तेव्हा शपथ घेतली होती.) निरीक्षकाने प्रत्येक झाडाखाली स्वतः उभं राहावं असा नियम आहे. तो नियमही माझाच. ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ या रकान्यात मी तेवीसशे वेळा बरोबरची खूण केली, आणि शेवटी शेवटी तर झाडाचा नंबर यायच्या आधीच करून ठेवली.

आता कुत्रा. फोटोवाला तुमच्या रस्त्यावर आला आणि तुझा कुत्रा फाटकातून सुटला. बिचाऱ्याने कामात कसूर केली नाही, नऊच्या नऊ झाडांचे फोटो काढले, फक्त उलटं पळत पळत काढले. त्यामुळे तुमच्या रस्त्यावरची सगळी झाडं एकाच बाजूला वीस अंश झुकली. एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती. मी शेरा लिहिला, ‘वाऱ्याच्या सातत्यपूर्ण दिशेचा परिणाम’. साहेबांनी तो बैठकीत दोनदा वाचून दाखवला. मग विजेच्या विभागाने आमचे फोटो मागवून घेतले, त्यांना खांबही झुकलेले दिसले, आणि त्यांनी दोन सरळ खांब काढून त्या जागी दोन सरळ खांब बसवले. या सगळ्यात मला हसू यायला हवं होतं, पण तेव्हा मी समाधानात होतो.

हे उघडकीला आणलं सुताराने. आराखडा मंजूर झाल्यावर साहेबांनी त्यातला एक फोटो मोठा करून व्हरांड्यात लावायला सांगितला. सुताराने खिळा ठोकला, फ्रेम टांगली, मागे सरून बघितलं, आणि फ्रेम हळूहळू तिरकी करत गेला. फोटोतलं फाटक उभं झाल्यावर थांबला आणि म्हणाला, “आता झालं बरोबर.” फाटकाबरोबर झाडही उभं राहिलं. सरळसोट. आणि फाटकाच्या कडीला जुना चमचा वाकवून अडकवलेला होता. तो चमचा मीच अडकवला होता, ताई. नंबर चारशे सतरा म्हणजे आपल्या दारातली तुती होती. इतकी वर्षं तिच्याखाली वाढून मी तिला फोटोत ओळखलं नव्हतं.

मी तडक साहेबांकडे गेलो. ते चष्मा पुसत म्हणाले, “आराखडा मंजूर झालाय. आता चूक निघालीच, तर ती आराखड्याची नाही, तुमची निघेल.” माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत. मी बाहेर आलो आणि आठ दिवस तोंड शिवून बसलो. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, हे तुझ्यापासून काय लपवायचं?

झाडांवर नोटिसा लागल्या. एक जरी लेखी हरकत आली, तरी त्या रस्त्याचं काम सुनावणीपर्यंत थांबतं, आणि सुनावणीत झाड पुन्हा मोजावं लागतं. मी रोज टपाल बघत होतो. तुमच्या रस्त्यावरून पाच पत्रं आली. पाचही आभाराची. तुतीच्या डागांनी गाड्या खराब होतात, पानं गटारात जातात, पाखरं पहाटे झोपू देत नाहीत, तरी लवकर या. एकाने तर मागच्या गल्लीतलं एक झाडही झुकलेलं दाखवता येईल का, अशी विनंती केली आहे. ज्या लोकांनी चाळीस वर्षं त्या सावलीत गाड्या लावल्या, त्यांची ही अक्षरं. आणि यांच्यासाठी आम्ही आराखडे करतो.

तुझं पत्र मात्र नव्हतं. का नव्हतं, ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तू त्याच तुतीची एक फांदी छाटायचा अर्ज केलास, स्वयंपाकघरात अंधार येतो म्हणून. मी सख्खा भाऊ, पण नियमावर बोट ठेवून नामंजूर केला आणि वर शेरा मारला, ‘अर्जदाराने दिवा लावावा’. आता नोटीस बघून तुला वाटलं असेल की फांदीचा राग मी झाडावर काढला. तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

असो. पत्र लांबलं. भावोजींना नमस्कार.

तुझा,
(नियमानुसार) धाकटा

ता. क. – सोबत हरकतीचा मसुदा जोडला आहे. फक्त सही कर आणि गुरुवारी पाचच्या आत खिडकीवर दे. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. ‘निरीक्षक जागेवर आलाच नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. ते गाळू नकोस, सौम्यही करू नकोस. माझं जे व्हायचं ते होईल.

ता. क. २ – कारणात आईचं लिहू नकोस. ती फाटकापासून पावलं मोजत तुतीपर्यंत येते, खोडाला हात लावते आणि तिथून घराकडे वळते, हे मला माहीत आहे. पण ‘भावनिक कारणे ग्राह्य धरू नयेत’ हा नियमही माझाच आहे.

ता. क. ३ – निरीक्षक जागेवर आलाच नाही हे कालपर्यंत खरं होतं. काल सकाळी मी येऊन तुतीला लागून उभा राहिलो होतो. आई आली. खोड समजून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दचकली आणि म्हणाली, “कोण? झाडं मोजणारे का?” मी नुसतं “हं” म्हटलं. ती म्हणाली, “मग नीट मोजा हो. माझा मुलगा तुमच्याच खात्यात आहे. त्याला चुकीचं काम चालत नाही.” मी निघून आलो. कुत्रा माझ्यावर भुंकला नाही. त्यावरून तिने ओळखलं का, तेवढं विचारून कळव.