चित्राखालची ओळ

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. वनमालाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे हाताने लिहितेय. अक्षराला हसायचं तर हस, पण पत्र पूर्ण वाच.

आत्या, मला तिसरा खंड मिळाला. पॅरिसचं ते चित्रांचं साप्ताहिक गं, राजा, मंत्री, पोलीस सगळ्यांची टर उडवणारं, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं. सहा-सहा महिन्यांचे अंक एकत्र बांधलेले असतात. दोन खंड माझ्याकडे होतेच, आता दीड वर्ष सलग झालं. सांताक्रूझला एक बंगला रिकामा करत होते, तिथल्या आजींनी दिला. म्हणाल्या, बाकी कोणी हात लावायला तयार नाही. तब्येत मात्र पार गेलीय त्याची. पाठ सुटलीय, पानं लोंबतायत. सध्या आईच्या जुन्या कॉटनच्या साडीत गुंडाळून ठेवलाय. एप्रिलमध्ये अंधेरीच्या एका लायब्ररीत माझ्यासारख्या वेड्यांचं छोटं प्रदर्शन आहे, तिथे तिन्ही मांडणार.

पप्पांना तर आता नादच लागलाय. जेवण झालं की रोज एक चित्र. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात एक-दोन ओळी असतात आणि सगळा जोक त्यातच असतो. त्या वाचल्या नाहीत तर नुसता एक जाडा माणूस आणि एक घोडा. मी ओळीखाली बोट फिरवत वाचते, मग मराठीत सांगते. आई लगेच हसते. पप्पा विचार करत बसतात आणि मग दात घासताना एकटेच हसतात. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं.

तुझे गुडघे कसे आहेत ते खरं खरं लिही. माया आहे तेवढीच ठेव, वेंगुर्ल्याचा मोहोर बघून तिकडे वळवू नकोस.

तुझी,
श्रुतिका

---

वेंगुर्ले,
२२ जानेवारी २०२५

चि. श्रुतिकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, पूर्ण. आठवीत तू संस्कृत सोडून फ्रेंच घेतलंस तेव्हा मी तुझ्या बापाला बोलले होते, की ही पोरगी मुलुंडात ही भाषा कोणाशी बोलणार. आता कळलं, जेवणानंतर बापाशीच.

मोहोर बरा आहे, माकडं त्याहून बरी आहेत. गुडघे आहेत तिथेच आहेत.

तुझ्या बापाचं, सहदेवचंही पत्र आलं. तुझ्या वाढदिवसाला काहीतरी करतोय. काय ते सांगू नको म्हणून मला शपथ घातलीय. एवढंच लिहिते, की औषध कंपनीच्या पॅकिंगमध्ये सगळी नोकरी दुसऱ्यांचा माल बांधला, आता पोरीचं काहीतरी बांधतो, म्हणाला. तुका आवडतला.

वेळेवर जेव. पत्र टाकत राहा, नाहीतर पोस्टमनला मी काय निमित्ताने थांबवू.

तुझी,
आत्या

---

मुलुंड (पूर्व),
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वाट लागली आत्या. आणि यातलं एक अक्षर पप्पांना कळू देऊ नकोस, प्लीज.

वाढदिवसाला पप्पांनी साडीत गुंडाळलेला खंड माझ्यापुढे ठेवला. उघडला तर लाल रेक्झिन. पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं पूर्ण नाव. स्टेशनजवळ कॉलेजची प्रोजेक्टं बांधून देतात ना, तिथून करून आणलाय. शिवलाय इतका मजबूत की एक पान हलत नाही. आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून मशीनवर कापून घेतल्यात. खालच्या ओळी गेल्या, आत्या. सगळ्या पानांवरच्या. काही ठिकाणी अक्षरांची नुसती डोकी उरलीत. परदेशातल्या लायब्ऱ्यांनी या अंकांचे फोटो इंटरनेटवर टाकलेत, तिथे त्या वाचता येतील, पण माझा खंड कापला तो कापला.

पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, झकास. मग ऑफिसचा फोन आलाय सांगून जिन्यात जाऊन बसले.

जेवणानंतर त्यांनी नव्या बाइंडिंगमधलंच चित्र मागितलं. एक जाडा साहेब घोडागाडीच्या दारात अडकलाय, पोलीस मागून ढकलतोय. मी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि चक्क थाप मारली. सांगितलं, पोलीस म्हणतोय, साहेब, आत जायचं की बाहेर यायचं ते तुम्ही ठरवा, मला पगार तोच आहे. पप्पा तिथल्या तिथे हसले. ताटात उरलेलं लोणचं सांडलं.

तेव्हापासून रोज एक थाप चाललीय. खरं सांगितलं तर त्यांना काय वाटेल, मला विचारसुद्धा करवत नाही. तूच सांग काय करू. ओरडलीस तरी चालेल, अबोला नको.

तुझी,
श्रुतिका

---

वेंगुर्ले,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिकास,
अनेक आशीर्वाद.

थापा बऱ्या मारतेस. तो पोलीस वाचून मी एवढी हसले की शेजारची शकु विचारायला आली.

पण आता नीट ऐक. काल सहदेवचं पत्र आलं. लिहितो, पोरगी इतकी खूश आहे की रोज त्याच पुस्तकातलं वाचते. म्हणून उरलेले दोन पण तसेच लाल करून आणणार, कपाटात सेट दिसेल. पाडव्याला देणार आहे, तोपर्यंत तुला सांगायचं नाही. मी शब्द मोडतेय, त्याचं माझं मी बघीन.

गप्प बसलीस तर तेही जातील. आणि ते गेल्यावर तुला कधीच बोलता येणार नाही, कारण तो विचारील, पहिल्या वेळी का नाही बोललीस.

त्याच्या मनाला लागेल म्हणतेस. लागू दे गो. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईत गेला, मामाच्या खोलीत दारामागे झोपला, तेव्हा नाही मोडला. एका पुस्तकाने काय होतंय त्याला. आपली पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय, हे दुसऱ्याकडून कळलं तर मात्र लागेल.

पाडव्याच्या आत सांग. राग माझ्यावर काढ, प्रेम त्याच्यावर असू दे.

तुझी,
आत्या

---

मुलुंड (पूर्व),
९ मार्च २०२५

ती. ताईस,
सहदेवचा सा. न. वि. वि.

श्रुतिकाने सगळं सांगितलं. तुला आधीपासून माहीत होतं हेही सांगितलं, त्याचं आपण दोघं नंतर बघू.

तिने एक जुना खंड आणि माझा लाल खंड शेजारी उघडून ठेवले. एकावर बोट फिरवलं, मग दुसऱ्यावर. मला वेगळं काही सांगायची गरजच राहिली नाही. मला आपलं वाटत होतं की पोरीचं फ्रेंच सुधारलं, म्हणून जोक पटकन कळायला लागले. पॅरिसचा मंत्री पाण्याच्या टँकरवरून भांडायला लागला तेव्हा तरी डोक्यात यायला हवं होतं.

दुकानात भांडायला गेलो. तो म्हणाला, काका, मी विचारलं होतं, कटिंग मारू का, तुम्हीच म्हणालात मार, एकदम सरळ पाहिजे. म्हणालो होतो खरा. आमच्या पॅकिंगमध्ये खोक्याबाहेर आलेलं काही ठेवायचंच नसतं, तीच सवय.

आता ती जेवणानंतर चित्र उघडून बसते आणि मी टीव्ही लावतो. प्रदर्शनात दोनच मांडते म्हणाली, लाल राहू दे घरी. लोकांसमोर मला कमीपणा नको म्हणून. पुस्तक कापलं त्यापेक्षा हे जास्त टोचतंय.

तब्येत सांभाळ. पुढच्या वेळी शब्द मोडणार असशील तर आधी कळव.

तुझा,
सहदेव

---

मुलुंड (पूर्व),
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल प्रदर्शन झालं. मी सकाळी दोन खंड घेऊन एकटी गेले. पप्पा म्हणाले होते, ऊन उतरल्यावर बघू. पण अकरालाच हजर, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. पिशवीतून लाल खंड काढला, प्रदर्शन भरवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमना विचारून माझ्याच टेबलावर जागा केली, जुन्याच्या शेजारी उघडून ठेवला आणि मागे उभे राहिले.

येईल त्याला सांगत होते. हा जुना, आणि हा मी कापून आणलेला. इथे खाली ओळ असते, ती इथे नाही. बाइंडरची चूक नाही, त्याने विचारलं, मीच हो म्हणालो. तुमच्याकडे असं जुनं काही असेल तर शिवून घ्या, कापू देऊ नका.

पहिला तासभर मी वर बघितलंच नाही गं. मान खाली घालून टेबलावरची माहितीची कार्डं नुसती सरळ करत होते. मग लक्षात आलं की माझ्या चांगल्या खंडांसमोर लोक मान डोलावून पुढे जातायत आणि पप्पांसमोर थांबतायत. वाकून बघतायत, दोन्ही पानं ताडून बघतायत, प्रश्न विचारतायत. पप्पा ओळीची जागा बोटाने दाखवत होते, अगदी शांतपणे, दुकानात माल दाखवतात तसं.

दुपारी चंद्रप्रकाश नावाचे एक काका आले, बोरिवलीचे. त्यांच्या काखेत सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. बायकोने जमवलेली विणकामाची मासिकं, त्या गेल्या वर्षी वारल्या. इथून थेट बाइंडरकडेच चालले होते. गठ्ठा सोडून त्यांनी पप्पांना कडा दाखवल्या. कडेला सगळीकडे काकूंनी पेन्सिलीने टाके मोजून लिहून ठेवले होते. पप्पांनी पानं उलटून बघितली, मग सगळं एकावर एक नीट लावलं, पुठ्ठा मागून घेतला, वरखाली ठेवला आणि सुतळी स्वतः बांधली. म्हणाले, सध्या एवढंच असू दे. काका बाइंडरकडे न जाता घरी गेले.

संध्याकाळी टेबल आवरताना मी पप्पांना म्हणाले, एवढ्या लोकांना सांगत बसायची काय गरज होती. ते म्हणाले, इतके दिवस तू एकटीच मला सांभाळत होतीस, दमली असशील.

आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

आई नमस्कार सांगतेय. पप्पांचा तुझ्यावरचा राग अजून आहे, पण तो आंबे आले की जाईल असं ते स्वतःच म्हणाले. तेव्हा पेटी लवकर पाठव, आणि आम्हा दोघांना जवळ धरून ठेव.

तुझी,
श्रुतिका