आजी झालेली रूपमंजिरी

घाटनांदूर, सोमवार

प्रिय वैजिनाथ,

संगमेश्वरचे शरणार्थ, नमस्कार पोचावेत. तुझे गुडघे, वहिनींची शुगर आणि पुण्यातला तुमचा पाण्याचा टँकर हे तिन्ही वेळेवर चालू असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व ठीक. व्हॉट्सअ‍ॅप सोडून कागद का काढला म्हणशील, तर माझा फोन घरात चावडीसारखा आहे, कुणीही येऊन वाचतो. आणि हा मजकूर घरात वाचला जाण्यासारखा नाही.

रूपमंजिरी आठवते का? (आठवते का, हे तुला विचारणं म्हणजे पिठाच्या गिरणीला ज्वारी आठवते का विचारण्यासारखं आहे.) जत्रेतला तो तंबू, रीळ तुटलं की उठणारी शिट्टी, आणि मग पडद्यावर ती. आपण सोळा वर्षांचे, आणि तिच्यासाठी घर सोडायला तयार. पिक्चर वीस वर्षं जुना आहे आणि बाई एव्हाना आपल्या आयांच्या वयाची झाली आहे, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी आपण ऐकलं नसतं. तंबूच्या मॅनेजरला घरच्या गुळाची ढेप देऊन दारावरचा तिचा फोटो आपण मिळवला. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. नाचणारी बाई पहिल्यांदा देवळाची पायरी चढते तो प्रसंग. तुझे वडील तापट म्हणून फोटो आमच्या दुकानात लागला, तो पस्तीस वर्षं हलला नाही. आमची सौ. नीलम्मा दिवाळीला सगळे फोटो पुसते, हा सोडून. 'तुमची ती तुमी पुसा,' एवढंच म्हणते.

तर आमचे चिरंजीव हरिओम यांनी यंदा दुकानाचं 'मार्ट' करायचं ठरवलं. काचेचं दार, आत गारवा, आणि गिऱ्हाईकानं स्वतःच डाळ उचलून पिशवीत घालायची. (आम्ही आयुष्यभर गिऱ्हाईकाचा हात डाळीपासून लांब ठेवला, आता त्यालाच प्रगती म्हणतात.) भिंती मोकळ्या करायच्या, फक्त वाडवडिलांचे फोटो राहतील, बाकी भंगारात, असा हुकूम निघाला. नेमका मी लातूरला लग्नाला गेलतो. कळल्यावर जेवणसुद्धा गेलं नाही. बायको असताना त्या फोटोसाठी भांडायचं कोणत्या तोंडानं? आणि न भांडता तो जाऊ द्यायचा कसा?

परत आलो तर भिंत चुन्यासारखी पांढरी. आजोबा, वडील, आणि त्यांच्या मधोमध रूपमंजिरी. गळ्यात चंदनाचा हार, आणि वैजू, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. ज्या कपाळावरच्या एका बटेसाठी आपण दहावीला दोनदा बसलो, त्या कपाळावर. सूनबाई शिवांजली हात जोडून उभी. म्हणाली, "मामा, तुमच्या आजी किती देखण्या होत्या. तुमचं नाक त्यांच्यावरच गेलंय."

(नाकाचं मला बरं वाटलं, हे तुझ्यापाशी कबूल करतो.)

खरं सांगावं तर फोटो भंगारात. गप्प बसावं तर रोज सकाळी जिच्यावर जीव टाकला तिला आजी म्हणून उदबत्ती ओवाळायची. त्यात ती मुंबईत ठणठणीत आहे म्हणतात, आणि इथं मी तिला हार घातलेला. मी ओवाळतो. पण परवा तंबूत आपल्यामागं बसणारा बंकट आला, तुला माहीत आहे त्याची जीभ. भिंतीकडे बघितलं आणि भर दुकानात म्हणाला, "आप्पा, तुमची आजी म्या तंबूत नाचताना बघितली हाय की." तेव्हापासून बंकटचा दोन वेळचा चहा आमच्याकडे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संगमेश्वर

ता.क. नातीचं बारसं येत्या रविवारी. शिवांजलीला भिंतीवरच्या आजीचं नाव ठेवायचं आहे. आजीचं नाव काय, असं तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून 'मंजिरी' निघून गेलं. खऱ्या आजीचं नाव छबुबाई, आणि ती फोटोवाल्यापुढे जन्मात उभी राहिली नाही. हे जाणणारी एकच, तेलगावची आमची आत्या, चतुराआक्का, आणि ती बारशाला येणार. ती तुझं ऐकते. तू शनिवारीच ये आणि तिला दुकानाच्या बाजूला फिरकू देऊ नकोस. पत्र त्यासाठीच आहे, बाकीचा मजकूर वाचला नाहीस तरी चालेल.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार होतो. सहज शिवांजलीला विचारलं, ही आजी असल्याचं तुला कुणी सांगितलं? म्हणाली, सासूबाईंनी. नीलम्माला गाठलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "पोरगा भंगारात टाकाया निघालता. म्हनलं, आजी हाय तुज्या बापाची. लई रडली हो ती त्या पिक्चरमदी."

'तू कधी बघितलास?' मी तिला विचारलं. तंबू आपल्या गावातून उठल्यावर आपण दोघं स्टेशनावर तोंड पाडून बसलो होतो ना? तो तिकडून दिंद्रुडला गेला होता, तिच्या माहेरी. तिनं तीन रात्री ओळीनं बघितला.